भेटीची वेळ चार ते सहा

गोजरबाई हॉस्पिटलात गेली ती आपल्या पायांनी चालत, आणि नऊ दिवसांनी बाहेर आली ती स्ट्रेचरवरून. मधल्या नऊ दिवसांत तिचं हृदय सुधारलं, असं डिस्चार्जच्या कागदावर लिहून दिलं होतं. कागद खोटा नव्हता. ज्या पायांवर ती आली होती त्या पायांचं काय झालं, एवढंच त्यात लिहिलेलं नव्हतं.

वय चौऱ्याहत्तर. मांजर्लीत नदीकडच्या बाजूला दोन खोल्यांचं स्वतःचं घर, आणि त्यात ती एकटी. नवरा धोंडिबा जाऊन अकरा वर्षं झाली होती. लेक कैलास अंबरनाथ पश्चिमेला फ्लॅटमध्ये राहायचा, ये म्हणायचा, आणि ती जायची नाही. हळदीच्या कार्यक्रमांना तांदळाच्या भाकऱ्या लागत, त्यांच्या ऑर्डरी तिच्याकडे येत. चुलीसमोर बसली की ऐंशी भाकऱ्या थापूनच उठायची, आणि उठताना कोणी हात पुढे केला तर त्या हातावर चापट मारायची. असल्या बाईला कोणी म्हातारी म्हणत नसे, निदान तोंडावर तरी.

त्या वर्षी दिवाळीनंतर तिचे पाय सुजायला लागले. मग आडवं झालं की दम लागायचा, म्हणून ती तांदळाच्या पिंपाला पाठ लावून बसल्या बसल्या झोपायची. हे तिने कोणाला सांगितलं नाही. कैलास एका रविवारी सहज आला, त्याने पाय पाहिले आणि सरळ रिक्षा बोलावली. उल्हासनगरच्या बाजूला एक बऱ्यापैकी हॉस्पिटल होतं, तिथे नेलं. दारात वॉर्डबॉय व्हीलचेअर घेऊन आला, तर गोजरबाई म्हणाली, "तुजे आयसला बसव त्यान. मी चालतंय." आणि धापा टाकत, मधे दोनदा भिंतीला टेकत, चालत आत गेली.

डॉक्टर पद्मजा म्हणून तरुण बाई होती. तिने तपासलं, छातीचा फोटो काढला, आणि मायलेकांना एकत्रच सांगितलं. "आजी, हृदयाचा पंप दमलाय. रक्त पुढे नीट ढकललं जात नाही, म्हणून पाणी पायात आणि छातीत साठलंय. याला हार्ट फेल्युअर म्हणतात. ते पाणी आधी काढू, मग कमी मिठाचं जेवण आणि रोजच्या गोळ्या. माणूस यातून बरा होऊन घरी जातो." कैलासच्या कानात यातलं फक्त फेल्युअर शिरलं. हृदय फेल म्हणजे बंदच पडलं, आणि आई आता काचेचं भांडं झाली, असं त्याने मनाशी धरलं ते कायमचं.

पाणी काढायचं इंजेक्शन म्हणजे दर अर्ध्या तासाला लघवी. पहिला दिवस नळी होती. दुसऱ्या दिवशी नळी काढली आणि खरा वैताग सुरू झाला. चौदा खाटांना एक नर्स. गोजरबाईने हाक मारायची, नर्सने "आले आजी" म्हणायचं, आणि यायचं वीस मिनिटांनी. तिसऱ्या हाकेला कोणी आलं नाही तेव्हा ती स्वतः उठायला गेली, तर दोघी धावत आल्या, तिला आडवी केली आणि खाटेचे कठडे वर चढवले. "आजी, पडलात तर आमच्यावर येईल." मग तिला डायपर बांधला. कैलासने तिच्या चपलाच घरी नेल्या, म्हणजे उठायचा प्रश्नच नको.

मरणाचं गोजरबाईला एवढं काही वाटत नव्हतं. धोंडिबाला तिने स्वतःच्या मांडीवर जाताना पाहिलं होतं. पण आपल्या पायांनी संडासला जायचं आणि आपलं आपण धुऊन यायचं, हे गेलं तर मग राहिलं काय, असं तिला वाटायचं. दोन वर्षांची होती तेव्हापासून कोणी तिचं केलं नव्हतं. आता वीस वर्षांची पोर येऊन पाय वर करायला सांगत होती, आणि वर "शाब्बास आजी" म्हणत होती. तिला इतका राग यायचा की डोळ्यांत पाणी येई, आणि ते पाणी बघून लोक म्हणत, आजी घाबरल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर पद्मजा राउंडला आली. "छान. सूज उतरतेय. आजपासून यांना खुर्चीत बसवा, धरून चालवा. फिजिओथेरपीची मुलगी येईल चार वाजता." गोजरबाईने ऐकलं आणि तिच्या जिवात जीव आला. कैलासने मान डोलावली.

घोळ झाला तो इथे. हॉस्पिटलात भेटीची वेळ चार ते सहा.

मांजर्लीच्या भावकीत माणूस दवाखान्यात पडलं की बघायला जायचं असतं. हे मनावर नसतं. कोण आलं, कोण नाही, हे पुढची दहा वर्षं लक्षात राहतं. चार वाजले की एक टेम्पो भरून माणसं खाली उतरायची आणि आठ-आठच्या तुकडीने वर यायची. हातात शहाळी. गोजरबाईला पाणी मोजून प्यायचं होतं, त्यामुळे ती शहाळी वॉर्डबॉय प्यायचे. आलेली माणसं खाटेभोवती उभी राहायची, चेहरे पाडायची, आणि "काय झालं गो एकाएकी" म्हणायची. आता ज्याला बघायला यायचं तो माणूस झोपलेला पाहिजे. वॉर्डात येरझाऱ्या घालताना दिसला तर लोक जिना उतरतानाच बोलणार, काही नव्हतंच झालेलं, उगाच बोलावणं केलं. नाहीतर त्याहून वाईट बोलणार, की लेक बघा, एवढ्या आजारी आईला चालवतोय.

त्याच दिवशी ठीक चारला अनुया आली. फिजिओथेरपीची बारकीशी पोरगी, हातात फाईल. खाटेभोवती भावकी. गोजरबाईचा चुलतदीर हिरामण खुर्ची अडवून बसला होता. कैलास पुढे झाला. "ताई, आज नको. माणसं आलीत. ती झोपू दे." अनुयाने गोजरबाईकडे पाहिलं. गोजरबाई म्हणाली, "मना उठायचंय." तर चार बायका एकदम पुढे झाल्या आणि "पडून राहा गो, पडून राहा" करत त्यांनी चादर गळ्यापर्यंत ओढली. अनुयाने फाईलमध्ये लिहिलं, नातेवाईकांचा नकार. कैलासने खाली सही केली.

असं पाच दिवस झालं. पाचही दिवस चार वाजता पोरगी यायची, पाचही दिवस माणसं असायची. सकाळी ये म्हणायचं कोणाला सुचलं नाही. सकाळी तिला दुसऱ्या मजल्यावर काम असायचं, आणि विचारायचं कोणी हेही ठरलेलं नव्हतं. डॉक्टरला वाटलं चालवतायत. फाईल उघडून कोणी वाचली नाही. एकट्या गोजरबाईला खरं माहीत होतं, आणि तिने सांगितलं की "हो हो आजी, करू या" असं उत्तर यायचं. आजारी माणसाच्या बोलण्याला तेवढीच किंमत असते.

नवव्या दिवशी घरी जायचं म्हणून तिने पाय खाली टेकले. सूज नव्हती. दमही नव्हता. गुडघे मात्र वाकले आणि वाकलेच. नर्स म्हणाली, अशक्तपणा आहे, येईल हळूहळू. स्ट्रेचर आणलं. मांजर्लीचं नाव कोणी काढलंच नाही, गाडी थेट अंबरनाथला गेली.

कैलासने तयारी जोरात केली होती, हे कबूल करायला हवं. हॉलमध्ये कठड्यांची लोखंडी खाट भाड्याने आणलेली. सकाळी आठ ते रात्री आठ आजारी माणसं सांभाळणाऱ्या ब्युरोची बाई, ठमाबाई. सून माधवी कामावर जायची, पण जाण्याआधी बिनमिठाची डाळ वेगळी करून ठेवायची. घरी बघायला येणारी माणसं अजून संपली नव्हती, आणि प्रत्येकाला कैलास एकच वाक्य ऐकवायचा. "नऊ दिवस आयचा पाय जमिनीला लागू दिला नाही. इथेही देणार नाही." लोक म्हणायचे, नशीब काढलं गोजरबाईने. ती भिंतीकडे तोंड करायची. तिला वाटायचं, ओरडून घर डोक्यावर घ्यावं. पण ओरडली असती तर म्हणाले असते, औषधांमुळे होतं असं.

"मना मोरीत ने," ती ठमाबाईला म्हणायची.

"आजी, साहेबांनी सांगितलंय, उतरवायचं नाही. तुम्ही पडलात तर माझं काम गेलं. दोन पोरी आहेत मला."

"तुजा साहेब माज्या पोटचा हाय."

"असेल ना. पगार तोच देतो."

ठमाबाईचं खोटं नव्हतं. गोजरबाईला ते कळायचं, तरी तिच्यावर राग यायचा. राग ठेवायला दुसरी जागा कुठे होती? लेकावर ओरडावं तर तो पाय चेपायला बसायचा.

रोज सकाळी नऊला पाणी काढायची पांढरी गोळी. गोळी पोटात गेली की तासाभरात सुरू. डायपर ओला, मग हाक, मग ठमाबाईचं येणं, कुशीवर वळवणं, पुसणं, पावडर. दुपारी एकपर्यंत चार वेळा. कधी हॉलचं दार उघडं असायचं आणि समोरच्या फ्लॅटमधला, जिन्यात खेळणारा नातू बघत उभा राहायचा. घरी आल्याच्या आठव्या दिवशी गोजरबाईने गोळी जिभेखाली धरली, पाणी गिळलं, ठमाबाईची पाठ वळली तशी गोळी काढून गादीच्या आणि लोखंडाच्या मधल्या फटीत सारली. त्या दिवशी डायपर एकदाच ओला झाला. किती दिवसांनी दुपार कोणाचा हात न लागता गेली.

हे धोक्याचं आहे ते तिला कळत नव्हतं असं नाही. डॉक्टरने सांगितलेलं सगळं तिच्या लक्षात होतं. तिने ते एका बाजूला ठेवलं आणि चार वेळा पुसून घेणं दुसऱ्या बाजूला, आणि गोळी फटीत गेली. दुसऱ्या दिवशीही गेली. घरात सगळे खूश झाले. ठमाबाई म्हणाली, आजींचं ओलं होणं कमी झालं. कैलास फोनवर हिरामणला सांगत होता, "आता शांत असते. काही त्रास देत नाही." हे ऐकून गोजरबाईने स्वतःच्या मनगटाला चावा घेतला. दातांचे वण संध्याकाळपर्यंत राहिले.

बारा दिवस गोळी पोटात गेली नाही. तेराव्या दिवशी सकाळी माधवी चहा ठेवत होती, तिला हॉलमधून खरखर ऐकू आली. गोजरबाईचे ओठ निळसर झाले होते, आणि पाय पुन्हा घडे झाले होते. ॲम्ब्युलन्स, तेच हॉस्पिटल, तीच डॉक्टर. वजन सहा किलो वाढलेलं.

"गोळ्या देत होतात ना वेळेवर?" डॉक्टर पद्मजाने विचारलं. तोवर गोजरबाईला ऑक्सिजन लागला होता, इंजेक्शनं सुरू झाली होती, श्वास जरा ताब्यात आला होता.

"एक दिवस चुकवली नाही मॅडम," कैलास म्हणाला. मग तो ठमाबाईकडे वळला. ती ॲम्ब्युलन्समधून सोबत आली होती. "काय गं, देत होतीस का? की टीव्ही बघत बसायचीस? खरं सांग, नाहीतर ब्युरोला कळवतो. कुठेच काम मिळणार नाही तुला."

ठमाबाई रडायला लागली. आपल्या पोरींची शपथ घ्यायला लागली. गोजरबाईने नाकावरचा मास्क ओढून खाली केला.

"तिला कशाला बोलतंस? ती देते. मी थुकतंय."

कैलासला काही समजेना. "आये, का? अगं, जीव जाईल ना."

"गोली घेतली का मुताला लागतं. मुताला लागलं का तुजे बाईने मना उलटी-पालटी करायची. मी उठले तर तुमी दाबून झोपवतांव. मग गोली कशाला घेव? दर दिवशी चार येला मरायपेक्षा एक येला मरते." एवढ्यात तिला धाप लागली. नर्स मास्क लावायला आली, तिने नर्सचा हात धरून ठेवला. "मी हितं चालत आलंय. चालत. कोनी केलं मना असा?"

डॉक्टर पद्मजाने मागची फाईल मागवली आणि तिथेच उभी राहून वाचली. पाच दिवसांचे पाच नकार, पाच सह्या. तिचा चेहरा उतरला. "मी तिसऱ्या दिवशी चालवायला सांगितलं होतं," ती कैलासला म्हणाली, "आणि मीही परत बघितलं नाही."

"मॅडम, बघायला माणसं यायची," कैलास म्हणाला. "त्यांच्यासमोर आईला चालवलं असतं तर लोक काय बोलले असते?" त्याने हे अगदी मनापासून विचारलं.

दुसऱ्या दिवशी वेगळ्या खोलीत हलवल्यावर गोजरबाईने डॉक्टरला नेमकं विचारलं, पायातली ताकद परत येईल का. डॉक्टर खाटेच्या कडेला बसली. म्हणाली, या वयात आठ-दहा दिवस पडून राहिलं की पायातली ताकद जाते, ती परत आणायला कित्येक महिने लागतात, आणि सगळी येते असं नाही.

"संडासपरंत जाता येल?"

"प्रयत्न करू आजी. खोटं नाही सांगत."

खोटं सांगत नाही म्हणणारं तिला एवढ्या दिवसांत पहिलंच माणूस भेटलं होतं. तिने त्या दिवशीची गोळी समोर गिळली आणि जीभ बाहेर काढून दाखवली.

चार वाजता दार उघडलं. आधी हिरामण, मागून भावकी, मिळून नऊ जण. हातात शहाळी. त्यांच्या मागे, माणसं बाजूला होण्याची वाट बघत, फाईल घेऊन अनुया. कैलासने तिला पाहिलं आणि त्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "ताई, उद्या..."

"थांब गो पोरी," गोजरबाई म्हणाली. मग तिने भावकीवरून नजर फिरवली. "बघायला आलेत ना तुमी? मग बघा."

तिने चादर पायांनी नव्हे, पायांत ते त्राण नव्हतं, हातांनी बाजूला फेकली. हॉस्पिटलचा गाऊन मांडीपर्यंत सरकला होता, खाली डायपर. काड्यांसारख्या मांड्या. बायका चादर उचलायला धावल्या. तिने एकीच्या हातावर फटका मारला. हिरामणने तोंड फिरवलं.

"तोंड नको फिरवू हिरामण. तुज्या तिन्ही पोरांचे हलदीला भाकऱ्या केल्यात मी. ह्या बांदलंय मना. तान्ह्या पोराला बांदतात तसा. नऊ दिवस तुमी शहाली घेवन येत होते न मी झोपून रहायचे, तुमाला बघाला बरा वाटावा म्हनून. माजे पाय तुमी खाल्लंव. बघा आता."

अनुयाने कठडा खाली केला, काखेत हात घातला. गोजरबाई उभी राहिली. एक पाऊल पडलं. दुसरं पडलं. मग त्या गोळीने आपलं काम केलं, डायपर सुटून सरकला, आणि फरशीवर धार लागली. नऊ माणसांसमोर. कैलास पुढे झाला, पण अनुयाने खुर्ची ओढून तिला बसवलं होतं. भावकी एक-एक करून बाहेर गेली.

कैलास गुडघ्यांवर बसून फरशी पुसायला लागला. पुसता पुसता रडायला लागला. "चुकलं माझं, आये."

"चुकला." त्याच्या डोक्यावरून हात फिरवावा असं तिला वाटलं नाही. इतके दिवस हात फिरवून घेऊन ती विटली होती. "उद्यापासना चारला आत येव नको. दाराभायेर उभा रहा, न कोनाला आत सोरू नको. हिरामणला पन नाय. जमत असल तर कर. नायतर घरी बस."

दुसऱ्या दिवशी चार वाजता अनुया आत आली आणि दार लावून घेतलं. दाराला वरच्या अर्ध्यात काच होती. काचेतून कैलासचा निळा शर्ट दिसत होता, पाठमोरा. बाहेर माणसं आली होती, आवाज ऐकू येत होते. "अरे, लांबून आलोय." "एक मिंट बघून जातो." आल्या पाहुण्याला त्याने जन्मात कधी दारातून परत पाठवलं नव्हतं. तो काय म्हणाला ते आत कळलं नाही, पण आवाज हळूहळू कमी झाले.

खाटेपासून संडासचं दार अकरा पावलं होतं. अनुयाने मोजून सांगितलं. समोर वॉकर, मागे तिचा हात. तीन पावलं झाली. चार. पाचव्याला गोजरबाईने अनुयाच्या सगळ्या खानदानाला एक शिवी दिली, आणि अनुया म्हणाली, चालेल, पाय उचला. सहाव्या पावलाला डावा गुडघा गेला. अनुयाने धरलं, तरी ती धरता धरता खाली बसली, आणि वॉकर दाणकन खाटेवर आपटला.

काचेत शर्ट वळला. कैलासचा चेहरा काचेला लागला, आणि दाराचं हँडल खाली होताना दिसलं.

गोजरबाईने फरशीवर बसल्या बसल्याच आवाज दिला. "कैलास, दार उघरलंस तर मेले मी तुला."

हँडल खाली होतं ते तसंच राहिलं. मग हळूच वर गेलं. तो काचेपासून लांब झाला, आणि परत पाठ करून उभा राहिला. खांदे हलत होते.

गोजरबाईने वॉकरचा पाय पकडून आपल्याकडे ओढला. "धर गो पोरी," ती म्हणाली, "पन उचलू नको," आणि उजवा गुडघा पोटाखाली घ्यायला लागली.